वर्धेच्या अलीकडे

माझी आजी वरोऱ्याची. १९२० च्या सुमारास लग्न होऊन, वर्धा नदी ओलांडून ती वणीला आली आणि पुढची साठ वर्षे अलीकडच्या काठावर नांदली. पण मनाने ती इकडची झाली असे मला कधी वाटले नाही. घरात काही बिनसले, गड्याने उलट उत्तर दिले, आजोबांनी न सांगता चार पाहुणे जेवायला आणले, की तिचा एक ठरलेला उद्गार असे : "जळो तुमची मोगलाई!" आजोबा शांत माणूस. ते पानाचा डबा पुढे ओढीत आणि सुपारी कातरता कातरता म्हणत, "आम्ही मोगलाईतले आणि तुम्ही भोसल्यांच्या दरबारातल्या. चालायचंच."

मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा होतो. वणीहून वरोऱ्याला सकाळी बैलगाडी जुंपली तर दुपारच्या जेवणाला मामाच्या घरी पोचता येई, असे आजी सांगायची. भाकर तीच, वरण तेच, बोली थोडीफार इकडेतिकडे. मग मधल्या एका नदीने अलीकडे मोगलाई आणि पलीकडे भोसलशाही अशी वाटणी केली कधी? आमच्या शाळेत आम्हाला पानिपत शिकवले, प्लासी शिकवली. हे कोणी शिकवले नाही.

हा प्रश्न मी विसरूनही गेलो होतो. गेल्या दिवाळीत नातवामुळे तो पुन्हा वर आला. नातू पुण्याला नववीत शिकतो आणि हाती लागेल ते वाचतो. या खेपेला त्याच्याकडे युरोपच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक होते. फराळ करता करता तो मला मॅरेथॉनची लढाई समजावून देत होता. इसवी सनापूर्वी ४९० साली अथेन्सच्या मूठभर ग्रीकांनी इराणच्या बादशहाच्या फौजेला समुद्रात परतवले. ते हरले असते तर पुढचे अथेन्स नाही, तिथली लोकसभा नाही, सॉक्रेटिस-प्लेटो नाहीत, म्हणजे आजचा युरोपही नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने तर १८४६ साली असे लिहून ठेवले की इंग्लंडच्या इतिहासातसुद्धा १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईपेक्षा मॅरेथॉनची लढाई अधिक महत्त्वाची आहे. एवढे सांगून झाल्यावर त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि विचारले, "आजोबा, आपल्या यवतमाळसाठी अशी लढाई कोणती? पानिपत का?"

मी म्हटले, "नाही. अडगाव."

त्याने नावही ऐकले नव्हते. त्याच्या वडिलांनीही नाही. वाचकांपैकी किती जणांनी ऐकले असेल, याची मला शंकाच आहे. म्हणून हा लेख.

अडगाव आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे एका बाजूला नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज उभी होती. तिचे नेतृत्व त्यांचे भाऊ व्यंकोजी, ऊर्फ मन्याबापू, यांच्याकडे होते आणि सोबतीला शिंद्यांचे घोडदळ होते. दुसऱ्या बाजूला कंपनीच्या दोन फौजा होत्या, एक जनरल आर्थर वेलस्लीची आणि दुसरी कर्नल स्टीव्हन्सनची. या भांडणाचे मूळ आदल्या वर्षीच्या वसईच्या तहात होते. दुसऱ्या बाजीरावाने स्वतःच्या गादीसाठी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ते शिंदे-भोसल्यांना मानवले नाही. २३ सप्टेंबरला असईला मोठी लढाई होऊन गेली होती. अडगाव हा त्याच युद्धाचा पुढचा अंक.

नोव्हेंबरअखेर म्हणजे आपल्याकडे दिवस लवकर मावळण्याचे दिवस. इंग्रजांची फौज लांबची मजल मारून थकलेली होती. लढाईला तोंड लागले तेव्हा दुपार उलटून गेली होती. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि कंपनीच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. या काही कच्च्या पलटणी नव्हत्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला त्यांनी पराक्रम केला होता. वेलस्ली स्वतः जवळ होता म्हणून त्याने त्यांना थोपवले, पुन्हा रांगेत उभे केले आणि नव्याने पुढे नेले. आपण तिथे नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असे पुढे त्यानेच कबूल केले आहे. भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी निकराचा हल्ला केला आणि ते जवळजवळ सगळे कापले गेले. अंधार पडायच्या आत मराठी फौजेची फळी मोडली, ३८ तोफा रणातच राहिल्या आणि इंग्रजांच्या घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला. कादंबरीकार म्हणून मला त्या अर्ध्या तासाचे फार कुतूहल वाटते. तीन पलटणी धावत सुटल्या आहेत, आणि त्यांच्या पायांत आमच्या आजीचा 'मोगलाई' हा शब्द घुटमळतो आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. आणि दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, वऱ्हाडातच देवगाव मुक्कामी तह झाला. भोसल्यांतर्फे वकील यशवंतराव रामचंद्र बोलणी करीत होते. कटक आणि बालेश्वर हा ओरिसातला मुलूख कंपनीने घेतला, कारण त्यामुळे बंगाल आणि मद्रास यांच्यामधली किनाऱ्यावरची वाट एकसंध होत होती. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा सगळा वऱ्हाड भोसल्यांनी सोडून द्यायचा ठरला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा चार लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. सोडलेला वऱ्हाड इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला.

तोपर्यंत वऱ्हाडात दुअंमल होता. एकाच गावाच्या वसुलात निजामाचाही वाटा आणि भोसल्यांचाही. रयतेला दोन धन्यांचे तोंड पाहावे लागे, हे खरे. पण मधोमध रेघ कुठे नव्हती. ती देवगावला ओढली गेली, आणि ओढताना सोय पाहिली गेली ती नकाशा काढणाऱ्याची. नदी नकाशात ठळक दिसते! वणीचा माणूस आणि वरोऱ्याचा माणूस यांना तिने दोन राज्यांत टाकले. १८२२ च्या तहाने उरलेसुरले तुकडेही नीट लावले गेले आणि वर्धा ही पक्की सीमा झाली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर प्रत्यक्ष एक नामांकित लढाई झालेली आहे. पांढरकवड्याजवळ शिवणी येथे १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल अॅडम्सने खुद्द दुसऱ्या बाजीरावाला गाठले आणि त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना मिळावे म्हणून तो चांद्याकडे निघाला होता. पुढच्या जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. लढाईत पेशवा होता म्हणून शिवणीचे नाव आपण कौतुकाने घेतो. पण तिचा निकाल आधीच लागलेला होता. पेशवाई बुडाली म्हणून पेशव्यांच्या ताब्यातला उमरखेडचा परगणा निजामाकडे गेला, एवढाच फरक आपल्या जिल्ह्याला पडला. अडगाव आपल्या हद्दीत नाही, तिथे पेशवा नव्हता, आणि तरी आपले सगळे भविष्य तिथल्या तहात लिहिले गेले.

आता नातवाच्या युरोपकडे वळू.

अडगावला पळणाऱ्या पलटणींना थोपवणारा हा आर्थर वेलस्ली त्या वेळी चौतीस वर्षांचा होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा शेवट केला. नेपोलियन त्याला 'सिपायांचा सेनापती' म्हणून हिणवीत असे म्हणतात. हिणवण्यासारखे त्यात काय होते ते मला कळत नाही. हे सिपाईगिरीचे शिक्षणच नेपोलियनला महाग पडले. म्हातारपणी वेलिंग्टनला कोणी विचारले की तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

तो इथे काय शिकला? तलवारबाजी नक्कीच नव्हे. त्याची हिंदुस्थानातली पत्रे चाळली तर त्यांत शौर्यापेक्षा बैलच जास्त सापडतात. बैल किती, त्यांना वैरण कुठून, दाणा किती दिवस पुरेल, आणि बंजारे कधी येतील. वाळवंटासारख्या झालेल्या मुलखातून फौज न्यायची, त्या वर्षीच्या दुष्काळात, आणि तरी तिने गावे लुटायची नाहीत, धान्य रोख पैसे मोजून घ्यायचे, हे शास्त्र त्याने इथे पक्के केले. पुढे स्पेन-पोर्तुगालमध्ये फ्रेंच फौजा गावे ओरबाडून जगत होत्या आणि शेतकऱ्यांचा रोष ओढवून घेत होत्या, तेव्हा वेलिंग्टनची फौज खेचरांच्या पाठीवरून येणारे धान्य खात, पैसे चुकते करीत पुढे सरकत होती. बैलाच्या जागी खेचर आले, एवढाच फरक.

हे बंजारे म्हणजे कोणी परके नव्हेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागातले आपले शेजारी, ज्यांचे तांडे तेव्हा लमाणमार्गांनी धान्य आणि मीठ वाहत दक्खनभर फिरत असत. युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत वॉटर्लूच्या प्रकरणाला त्यांची तळटीपही नसते. रेल्वे आली तेव्हा त्यांचा वाहतुकीचा धंदा बसला, तांडे थांबले, बैल नांगराला जुंपले गेले. पुसदजवळच्या गहुलीच्या अशाच एका तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. शेतीवर बोलताना हा माणूस अधिकाराने बोलत असे, हे ज्यांनी त्यांना ऐकले ते अजून सांगतात.

मग मी नातवाला असे सांगू का, की अडगाव झाले नसते तर वॉटर्लू झाले नसते? तसे सांगणार नाही. मिलसाहेबांच्या त्या विधानात मला तत्त्वज्ञापेक्षा कादंबरीकार अधिक दिसतो. 'हे झाले नसते तर' हे वाक्य आम्ही धंदा म्हणून वापरतो, त्यामुळे त्याचा पोकळपणा आम्हाला ठाऊक असतो. नेपोलियनला हरवायला अख्खा युरोप एक झाला होता. वेलस्ली अडगावला मेला असता तर दुसरा कोणी उभा राहिला असता. मला मिलची दुसरीच गोष्ट अधिक बोलकी वाटते. हा थोर माणूस १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे आपल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, नोकरीला होता. संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे करणे हे त्याचे अनेक वर्षांचे काम. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक लढाईचे परिणाम त्याला आपल्या देशाच्या पार्लमेंटपर्यंत येताना स्पष्ट दिसत होते. त्याच वर्षांत, त्याच इमारतीतून निघणाऱ्या कागदांनी निजामाच्या आणि आमच्या वऱ्हाडाच्या नशिबाची वाट लागत होती. मॅरेथॉन दिसत होते, वणी दिसत नव्हती. कचेरीत बसणाऱ्याचे असेच होते. मीही छत्तीस वर्षे कचेरीत बसलेलो आहे.

तर आता वऱ्हाडाचे खाते उघडतो, आणि ते बँकवाल्याच्या नजरेने पाहतो, कारण इतिहासकारांनी ते मला कधी नीट समजावून दिले नाही.

१८०० च्या तहाप्रमाणे लढाईच्या वेळी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला द्यायचे होते. १८०३ च्या युद्धात निजामाची ही माणसे कुचकामी ठरली, अशी इंग्रजांची तक्रार होती. उपाय म्हणून पुढे निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, एक स्वतंत्र फौज उभी राहिली. तिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणतात. अधिकारी कोण नेमायचे, किती नेमायचे, त्यांना पगार काय द्यायचा, हे इंग्रज रेसिडेंट ठरवणार आणि बिल निजामाच्या नावे लागणार. खर्च करण्याचा अधिकार धनकोला, खर्च नावे टाकायचा ऋणकोच्या! असले खाते थकणार नाही तर काय होईल? बँकेतसुद्धा आम्ही तपासणीचा खर्च, नोटिशीचा खर्च, वकिलाची फी, सगळे कर्जदाराच्याच नावे टाकत असू. तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.

खाते थकले. थकबाकी पन्नास लाखांच्या घरात गेली. २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला याने नाखुशीने सही केली आणि वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दोआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात गेले. मालकी निजामाचीच, ताबा आणि वसूल कंपनीचा. कोणत्याही वकिलाला विचारा, याला कब्जेगहाण म्हणतात. १८६० साली कर्ज माफ केले, धाराशिव आणि रायचूर परत केले, वऱ्हाड मात्र ठेवून घेतला. म्हणजे कर्ज फिटले आणि गहाण सुटले नाही. माझ्या शाखेत मी असे केले असते तर मला निलंबित केले असते. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, १८७६ साली ते थेट इंग्लंडला जाऊन आले. तिथे त्यांना मेजवान्या मिळाल्या. वऱ्हाड मिळाला नाही.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने प्रकरण कायमचे मिटवले. वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रज सरकारने घेतला. उत्पन्न त्याच्या कितीतरी पट होते. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आणि मालकीचे काय? १९३६ साली निजामाला 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' असा किताब मिळाला, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचे आणि वहिती पट्टेदाराची, असला प्रकार १९४७ पर्यंत चालला. या शंभर वर्षांत वऱ्हाड बक्षीस दिला गेला, गहाण पडला, गहाणातच राहिला आणि पट्ट्याने गेला. या चारही व्यवहारांत तो कसणाऱ्याला कोणी विचारले नाही.

गंमत अशी की त्याच १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांचे राज्यही खालसा झाले, आणि वर्धेच्या दोन्ही तीरांवर एकच युनियन जॅक आला. तेव्हा तरी रेघ पुसली जायला हवी होती. पण अलीकडे मुंबईची रयतवारी पद्धत आली आणि पलीकडे मालगुजारी. पलीकडे वसूल गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक झाला आणि कसणारा त्याचे कूळ. अलीकडे शेत कसणाऱ्याच्याच नावे लागले. ऐकायला आपले बरे वाटते, आणि काही अंशी ते बरे होतेही. वऱ्हाडी कास्तकाराच्या ताठ मानेचे एक कारण हेच असावे. पण नाव लागले म्हणजे शेत विकता येते, आणि विकता येते म्हणजे गहाण टाकता येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. गहाण टाकता येणारी जमीन आणि रोखीचे पीक एकत्र आले की सावकाराला आमंत्रण द्यावे लागत नाही. आमच्या जिल्ह्याच्या कर्जाची कहाणी सांगताना लोक पाऊस, बोंडअळी आणि भाव यांच्यापासून सुरुवात करतात. मी कर्ज देणारा माणूस आहे. मी गहाणाच्या हक्कापासून सुरुवात करतो.

त्यातही आपल्या जिल्ह्याचा एक वेगळा पदर आहे. निजामाच्या अंमलातल्या पन्नास वर्षांत वसूल मक्त्याने दिला जाई आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. त्याच्या आधी १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. इकडची गावेच्या गावे ओस पडली होती. १८६४ साली आपला जिल्हा वेगळा झाला. १९०५ पर्यंत त्याचे नाव वणीवरून 'वून' होते. तेव्हा ही ओसाड गावे १८६५ च्या नियमांनी इजाऱ्याने देण्यात आली. एखाद्या पैसेवाल्याने गाव घ्यायचे आणि वसवायचे. आजही आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द दिसतो, तो तिथला. जंगल तोडले, दगड वेचले, विहिरी खणल्या त्या माणसांची नावे मात्र कागदावर आली नाहीत. १९२१ च्या कायद्याने अशा गावांतल्या कुळांना थोडे संरक्षण मिळाले, १९५० च्या कायद्याने इजारदारी गेली. कायद्याच्या पुस्तकात गेली.

१९८८ सालच्या जून महिन्यात अशाच एका इजारा गावातला म्हातारा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी तेव्हा वणीच्या पश्चिमेकडच्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. बँकेचे नाव सांगत नाही, चूक माझी होती. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात फडक्यात बांधलेले गाठोडे. त्याने ते सोडले. आत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, आजापासूनच्या. काही इतक्या जुन्या की घडीवर फाटलेल्या. त्याला सात एकरांवर पीककर्ज हवे होते. सातबारा पाहिला तर मालक म्हणून इजारदाराच्या वारसाचे नाव, जो कधीच नागपूरला निघून गेला होता. १९५१ नंतर कधीतरी जो फेरफार व्हायला हवा होता तो झालाच नव्हता.

मी समजावले, "काका, पावती म्हणजे मालकी नव्हे."

तो म्हणाला, "सायेब, वावर त मीच वाह्यतो. माह्या बापानं वाह्यलं. मंग त्या कागदावर मी काहून नाही?"

मी त्याला तलाठ्याकडे जायला सांगितले. नियमाने माझे बरोबर होते. आजही ती फाइल कोणी उघडली तर माझ्या शेऱ्यात खोट काढता येणार नाही. तो व्हरांड्यात थोडा वेळ बसला, माठातले पाणी प्याला, गाठोडे पुन्हा बांधले आणि गेला. पेरणी थांबत नसते. त्याने सावकाराकडून बियाण्याचे पैसे उचलले हे मला पुढे कळले. सावकाराला सातबारा लागला नाही, अंगठा पुरला. दोन वर्षांनी त्या बाजूला वसुलीला गेलो तेव्हा त्या सात एकरांत दुसऱ्याचेच बैल होते. म्हाताऱ्याची चौकशी केली तर पोराकडे, वर्धेपलीकडे कोळशाच्या खाणीकडे गेल्याचे कोणीतरी सांगितले.

तहसीलदारांना एक पत्र मला लिहिता आले असते. पावत्या अस्सल आहेत, कब्जा तीन पिढ्यांचा आहे, फेरफार तपासावा, एवढ्या चार ओळी. तसे पत्र लिहायला कोणी मला बंदी केली नव्हती, कोणी सांगितलेही नव्हते. मी त्या आठवड्यात अठ्ठेचाळीस प्रकरणे निकालात काढली आणि वरून शाबासकी मिळवली. देवगावच्या तंबूत वर्धेची रेघ ओढली गेली तेव्हा वेलस्लीच्या सोबत चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, मराठ्यांविषयी आस्था असलेला, सज्जन गृहस्थ. सज्जन माणसांच्या हातून कागद तयार होतात आणि त्या कागदांना खालचे शेत दिसत नाही. इतिहासातली खलनायकी शोधताना मला हा एल्फिन्स्टन मधेच आठवतो, आणि मग टेबलामागचा मी.

नातवाला मी हे सगळे सांगितले नाही. लढाई सांगितली, बंजारे सांगितले, वॉटर्लू सांगितले. त्याला बैलांचा भाग आवडला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन वणी-वरोरा रस्त्याने पाटाळ्याच्या पुलापर्यंत गेलो. पाऊस लांबल्यामुळे वर्धेला चांगले पाणी होते. अलीकडे कपाशी वेचणीला आलेली, पलीकडेही कपाशीच. कोळशाचे ट्रक एकामागून एक पुलावरून जात होते आणि पूल पायाखाली हलत होता. त्याने विचारले, "सीमा नक्की कुठे? मधोमध का?"

आजी १९८१ साली गेली. शेवटच्या दिवसांत तिने एकच सांगून ठेवले होते, की माझ्या अस्थी दूर कुठे नेऊ नका, वर्धेत सोडा. मी, वडील आणि वरोऱ्याहून आलेले मामेआजोबा असे तिघे पाण्यात उतरलो होतो. मामेआजोबा पलीकडून आले होते, आम्ही अलीकडून. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी वडिलांच्या हातातले मडके घेतले आणि म्हणाले, "द्या इकडे, आमची पोरगी आहे."

मी नातवाला ती जागा दाखवली. पुलावरून ती नीट दिसत नाही.